आजोबांची इटलीच्या लढाईतली पत्रं सापडलीत, सगळी पैशावरच आहेत, जाणकारांनी मदत करा

ट्रंकवाला

नमस्कार मंडळी. जरा मोठं होणारे, सांभाळून घ्या.

आमचं गाव खटाव तालुक्यात. या दिवाळीला जुन्या घराचं माळवद उतरवलं तेव्हा एक पत्र्याची ट्रंक निघाली, वर आजोबांचा नंबर पांढऱ्या रंगात. आत डिस्चार्जचा कागद, दोन मेडल, भोकाचे पैसे सात-आठ आणि सुतळीत बांधलेली १४ पत्रं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ५ मराठामध्ये नाईक होते, डिस्चार्जवर १/५ (म्हणजे पहिली पलटण) लिहिलंय. पत्रं १९४३ च्या जूनपासून १९४५ च्या जुलैपर्यंतची. मला वाटलं आता रणगाडे, बॉम्ब, बर्फ असलं काहीतरी वाचायला मिळणार. कसलं काय! चौदाच्या चौदा पत्रं पैशावर. मनिऑर्डर मिळाली का, पोस्टमनने किती कापले, बैलाला पेंड घातली का, सावकाराला किती दिले, पावती घेतली का. एक नमुना देतो, ऑगस्ट ४४ चा:

"चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि. इकडील क्षेम. वडील गेल्याचे पत्र पोचले, मला दोन दिवस जेवण गेले नाही. फॅमिली अलाटमेंट आता तुझे नावे करणेचा अर्ज दिला आहे, होणेस वेळ लागेल, तोवर कोणापुढे हात पसरू नये. ओढ्याकडचे रान मुदत खरेदीचे आहे हे विसरू नको. सावकाराने दावा केला तर साहेबाकडून सर्टिफिकेट पाठवितो. लाल बैल विकू नये. तुझे पायाचे काय झाले ते कळीव."

आता खरी भानगड सांगतो. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी की आजोबा तिकडे जिवावर उदार होऊन पैसे पाठवत होते आणि चुलत आजोबांनी (म्हणजे हा 'धाकटा') ते इकडे उडवले. त्यावरून वाटण्या झाल्या, बांधाला बांध आहे पण दोन्ही घरांचं बोलणं नाही, फक्त मयताला येतात. चुलत आजोबा जाऊन पण तीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत काका, ७८ वर्षांचा आहे.

पत्रांतला हिशोब मी लावला. महिना १५ प्रमाणे जानेवारी ४५ पर्यंत वीस महिने म्हणजे ३००, वर दोनदा ४०-४० जादा, एकूण ३८०. हा आकडा आजोबांनी स्वतःच एका पत्रात लिहिलाय. रान अडकलं होतं ३५० ला. म्हणजे पैसे पुरेसे होते. आणि मग फेब्रुवारी ४५ च्या पत्रात हे आहे:

"रानाचा कागद परत मिळाला हे कळून आनंद झाला. कसा मिळाला ते पत्रात लिहू नये, मी आलेवर बोलू. मात्र ३८० पैकी शिल्लक काय ते लिही. तीन पत्रांत विचारले, तू उत्तर देत नाहीस."

इथे माझं डोकं थांबलं. कागद परत मिळाला म्हणजे पैसे भरले असणार ना? मग शिल्लक कसली विचारतायत? आणि कसा मिळाला ते लिहू नको का? अलाटमेंट म्हणजे नेमकं काय, मुदत खरेदी म्हणजे काय हे पण कोणीतरी सांगा. आणखी एक, दोन कार्डं इंग्रजी अक्षरांत आहेत पण भाषा मराठीच, "Mazi tabyet" टाइप, ते पण कोडंच आहे (बघा, इथे रोमन टाकायला लागलं, सॉरी, "माझी तब्येत" असं आहे ते).

काकांकडे पत्रं घेऊन जावं की नको हा शेवटचा प्रश्न.

---

बेळगावी फौजी

जय हिंद. मी ७१ च्या लढाईत होतो, वय ७६, नातवाने व्हॉइस टायपिंग लावून दिलंय त्यामुळे चुका होतील त्या समजून घ्या.

फॅमिली अलॉटमेंट म्हणजे पगारातला ठरलेला हिस्सा जवानाच्या हातात न देता परस्पर घरी जायचा मनिऑर्डरने. जवान अर्ज करतो एवढी रक्कम अमुक नावाने या पत्त्यावर, तो अर्ज पगाराच्या ऑफिसला जातो तिथून पुढे दर महिन्याला पैसे सुटतात. आमच्या वेळेला पण तेच होतं. ज्याच्या नावावर आहे तो मेला किंवा नाव बदलायचं म्हटलं की मग कागद फिरत राहतो, आम्ही भारतात असून तीन तीन महिने लागायचे, तुमच्या आजोबांचा कागद तर समुद्र ओलांडून येणार. तेव्हा पणजोबा गेल्यावर मधे काही महिने मनिऑर्डर अडकलेली असू शकते हे पहिलं बघा, आजोबा तिकडे धरून चालले असतील की पंधरा रुपये जातायत कारण पेबुकात कापलेले दिसतात आणि इकडे घरात दातावर मारायला पैसा नाही.

पत्रात लढाई का नाही हे विचारताय तर सांगतो. एक तर लिहायची परवानगी नसते, साहेब पत्र वाचतो, ठिकाण लिहिलं की काळी शाई. दुसरं म्हणजे लिहून करायचं काय, आई वाचायला लावणार गुरुजींना, गुरुजी चावडीवर वाचणार, आई रडणार. त्यापेक्षा बैलाचं विचारावं. मी तर डिसेंबरात खंदकात बसून सोसायटीच्या हप्त्याचा हिशोब लावत होतो, खरं सांगतो, वरून विमान गेलं की डोकं खाली आणि विमान गेलं की परत सोसायटी, कारण मार्चला थकबाकी गेली तर पुढचं कर्ज मिळणार नव्हतं आणि थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं. तिथं बसून गोळीचं काही करता येत नाही, हप्त्याचं निदान लिहिता तरी येतं.

आणि सगळं उघड लिहिता यायचं नाही बरं का. गुरुजी वाचणार म्हणजे गावाला कळणार की घरात किती आलेत. आमच्या हिचं नि माझं ठरलेलं होतं, काळी शेळी म्हणजे तिच्या अंगावरचं सोनं. "काळी शेळी विकू नको, फारच नड आली तर बांधून ठेव" म्हणजे गहाण टाक पण मोडू नको. एकदा गुरुजींनी विचारलं अगं तुमच्याकडे शेळी कुठाय. तुमच्या आजोबांचा लाल बैल खरंच बैल होता का ते बघा.

---

पोथीतला किडा

वर फौजीकाकांनी जे लिहिलंय त्याला माझा सलाम. मी जरा जुन्या कागदांतला माणूस, त्या बाजूने सांगतो.

रोमन अक्षरांचं कोडं सोपं आहे. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत रोमन लिपीत हिंदुस्तानी शिकवायचे, सगळ्या जातीजमातींच्या पलटणींना एकच लिपी. शाळेत न गेलेली पोरं फौजेत रोमन शिकली आणि त्याच अक्षरांत घरची भाषा लिहायला लागली. ती दोन कार्डं आजोबांनी बहुतेक स्वतःच्या हाताने लिहिलीत आणि बाकीची बारा कोणा लिहिणाऱ्या सोबत्याकडून. अक्षर ताडून बघा. ती दोन कार्डं सगळ्यात आधी नीट वाचा असं मी म्हणेन, कारण ती गावात कोणालाच वाचता आली नसणार.

१/५ मराठा ही ८ व्या इंडियन डिव्हिजनमधली पलटण. सप्टेंबर ४३ ला ती इटलीत उतरली, तेव्हा तुमची पहिली दोन-तीन पत्रं मध्यपूर्वेतली. तुमच्याकडे एप्रिल ४५ चं पत्र आहे का? ९ एप्रिल १९४५ ला याच पलटणीने सेनिओ नदी ओलांडली. नगरच्या नामदेव जाधवांना त्याच दिवसाचा व्हिक्टोरिया क्रॉस आहे, कंपनीचे रनर (निरोप पोचवणारे) होते ते, जखमी साथीदारांना पाण्यातून नि सुरुंगांतून पाठीवर आणलं आणि मग एकट्याने मशीनगनच्या जागा बंद केल्या. त्या आठवड्यातलं आजोबांचं पत्र असेल तर इथे टाका.

महागाईचं पण लक्षात घ्या. १९३९ ला जो भाव होता त्याच्या अडीच-तीनपट भाव ४३-४४ पर्यंत झाले होते. रॉकेल नाही, कापड नाही, सुट्टे पैसे नाहीत. तुमच्या ट्रंकेतले भोकाचे पैसे त्यातलेच, ४३ ला तांबं वाचवायला सरकारने पैशाला भोक पाडलं. महिन्याला १५ रुपये हा आकडा आजोबांनी भरती होतानाच्या भावाने डोक्यात धरलेला असणार. इकडे खाणारी तोंडं किती होती? हिंदी शिपायांच्या पत्रांवर सेन्सॉर जे रिपोर्ट करायचे ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यात सारखं हेच येतं की घरून पत्र आलं की जवान लढाईपेक्षा जास्त खचतो, धान्य मिळत नाही, भाऊबंद रान दाबतायत, मनिऑर्डर वेळेवर येत नाही. सरकारला त्याची धास्ती होती.

आता "कसा मिळाला ते लिहू नये". खटाव तालुका, १९४५. मंडळी, कोणालाच वास येत नाहीये का? तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, पत्री सरकार म्हणतो आपण. त्यांची न्यायमंडळं गावात बसून तंटे तोडायची आणि सावकारांना बोलावून गहाणाचे कागद परत करायला लावायची. ४२ च्या सप्टेंबरात वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ माणसं गेली, म्हणजे तुमच्या तालुक्याला हे नवं नव्हतं. तुमच्या आजोबांची अवस्था बघा, अंगावर बादशाहाची वर्दी, पत्र सेन्सॉर होणार, आणि घरचं रान बादशाहाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांनी सोडवून दिलेलं. लिहू नको म्हणणारच.

म्हणजे सावकाराला पैसे दिलेच नाहीत असं असू शकतं. म्हणून तर शिल्लक विचारतायत.

---

शंकेखोर

किडासाहेब, तुम्ही छान गोष्ट विणलीत पण पुरावा कुठाय? पत्री सरकारने सोडवलं तर ३८० रुपये घरात राहायला पाहिजेत ना, उलट धाकट्यावर संशय वाढतो. तीन पत्रांत विचारून उत्तर नाही म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. आमच्याकडे पण एक असे आजोबा होते, सगळे म्हणायचे बिचारे, नंतर कळलं की तमाशाच्या कनातीत अर्धं वावर गेलं. मेलेल्या माणसाला उगाच संत करू नका. शिव्या पण देऊ नका, पण संत नको.

---

निवृत्त वकील फलटण

मुदत खरेदीचं सांगतो.

सावकार गहाणखत करून घ्यायचा नाही, खरेदीखतच करून घ्यायचा, आणि त्यात अट की अमुक वर्षांत रक्कम परत दिली तर जमीन परत लिहून देईन. मुदत टळली की जमीन गेली. म्हणून पत्रात "विसरू नको" आहे, ती धमकी घड्याळाची आहे. कायद्याने सुटायला जागा होती. १८७५ च्या सुप्याच्या, सावकारांविरुद्धच्या दंग्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला तो साताऱ्याला लागू होता आणि त्याखाली कागद खरेदीचा असला तरी मूळ व्यवहार गहाणाचा होता का हे कोर्ट तपासू शकायचं. पण त्याला कोर्टात जायला पाहिजे, वकील पाहिजे, आणि घरात कर्ता माणूस पाहिजे. कर्ता इटलीत.

साहेबाचं सर्टिफिकेट ही थाप नाही. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, १९२५. जवान लढाईवर असेल तर त्याच्याविरुद्धचा दिवाणी दावा कोर्टाने थांबवायचा, तसा दाखला लागायचा. तुमच्या आजोबांना हे माहीत होतं याचं मला कौतुक वाटलं, पलटणीत कोणीतरी नीट समजावून सांगितलेलं दिसतंय. फक्त यात एक मेख आहे. ते संरक्षण जवानाच्या दाव्याला. जमीन पणजोबांच्या नावे असेल, खरेदीखतावर अंगठा पणजोबांचा असेल, तर सावकार म्हणणार की माझा दावा जवानावर नाहीच.

आता कामाचं. गोष्टी विणत बसण्यापेक्षा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढा. गटाचा जुना सर्व्हे नंबर शोधा, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज टाका, १९३८ ते १९५० मधले त्या नंबरचे सगळे फेरफार मागा. ऑनलाइन जुने अभिलेख काही तालुक्यांचे स्कॅन झालेत, तिथेही बघा. मूळ दस्तासाठी सब-रजिस्ट्रारकडे इंडेक्स दोन (नोंदलेल्या दस्तांची सूची). बोजा कमी झाला असेल तर नोंद असणारच, आणि नोंदीखाली कोणाचा जबाब आहे ते महत्त्वाचं.

---

माणदेशी पोरगी

सगळे पुरुष हिशोब करताय, मला एक सांगा, ट्रंकवाला दादा, आजी कुठाय या सगळ्यात?

आमच्या पणजीचं सांगते, तिचा नवरा पण त्याच लढाईत होता. पैसे सासऱ्याच्या नावावर यायचे. पोस्टमन यायचा, ओसरीवर सासरे अंगठा करायचे, पणजी दाराआडून नोटा मोजल्याचा आवाज ऐकायची, तिला हातात काय मिळायचं तर तीन वर्षांत एक लुगडं. ती म्हणायची की नवरा पाठवतो हे मला पोस्टमनमुळे माहीत, घरातल्यांमुळे नाही. तुमच्या पत्रात ऑगस्टला अलॉटमेंट भावाच्या नावावर केली, बायकोच्या नाही. ती पुढे कधी बदलली का ते बघा. घरं जी फुटतात ना ती मला वाटतं सावकारापायी कमी नि मनिऑर्डर कोणाच्या नावावर यावरून जास्त.

---

ट्रंकवाला

बाप रे, एवढे रिप्लाय. सगळ्यांचे आभार.

रोमन कार्डं तीन रात्री बसून लावली. किडासाहेब बरोबर, अक्षर वेगळंय, थरथरीत, मोठं मोठं, आणि आपल्याकडचा उच्चार जसाच्या तसा. पहिलं मे ४४ चं. त्यात पैशाचं एकच वाक्य आहे की इथे एका रुपयाला तीस लिरे देतात पण तीस लिऱ्याला चहा पण येत नाही. बाकी सगळं आजीला उद्देशून आहे, ते इथे टाकत नाही.

दुसरं मार्च ४५ चं, ते पण आजीलाच. माणदेशी ताई, तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला पाहिजे. "पुढील मनिऑर्डर तुझे नावे येईल. कोणास सांगू नको. आईस पण नको. सही शिकून ठेव."

आता प्रश्न असा की आजीला रोमन वाचता येत नव्हतं, देवनागरी पण येत नव्हती. हे कार्ड तिला कोणी वाचून दाखवलं? बहुतेक कोणीच नाही. पोस्टमन एक दिवस येऊन आजीचं नाव पुकारणार आणि सगळं घर ओसरीवर, हे माझ्या डोळ्यापुढे आलं.

एप्रिलचं पत्र आहे, १३ तारखेचं, म्हणजे ती नदी ओलांडल्यानंतर चौथ्या दिवशी. अख्खं टाकतो: "इकडील सर्व क्षेम. माझी तब्येत बरी आहे, काळजी नसावी. आपल्याकडचे दोघे आता पत्र लिहिणार नाहीत, त्यांचे घरी सरकारी कागद येईल तोवर बोलू नये. मार्चची मनिऑर्डर मिळाली का. लाल बैलाचे पायास नाल मारून घ्यावी." संपलं. मी आधी हे पत्र वाचून बाजूला ठेवलं होतं, पैशाचंच म्हणून.

---

बेळगावी फौजी

ते दोघे पत्र लिहिणार नाहीत, हे वाचून मी नातवाला मोबाईल बंद करायला सांगितला काल. आज लिहितोय. आमच्या सेक्शनमधला एक जण गेला होता, त्याच्या खिशात मनिऑर्डरचा भरलेला फॉर्म होता, तीस रुपये, आईच्या नावे, फक्त सही राहिलेली. आम्ही वर्गणी काढून ते तीस पाठवले, खाली कुपनवर काय लिहायचं ते कोणाला सुचेना, शेवटी तसंच कोरं पाठवलं.

तुम्ही काकांकडे जा. पत्रं घेऊन जा पण हिशोब घेऊन जाऊ नका.

---

शंकेखोर

मी मघाशी जरा जास्त बोललो असेन. पण फेरफार काढा, वकीलसाहेब बरोबर सांगतायत.

---

ट्रंकवाला

अपडेट द्यायला पाच आठवडे लागले, माफी. नक्कल मिळायला वेळ गेला, दोनदा सांगितलं की रजिस्टर सापडत नाही, तिसऱ्यांदा शिपायानेच काढून दिलं.

आधी फेरफार. मार्च १९४५ ची नोंद आहे, लिपी मोडी आहे आणि वाचून देणारे एक सर साताऱ्यात भेटले. सावकाराचा स्वतःचा जबाब आहे, "रुपये ३५० भरून पावले, जमीन परत दिली, माझी तक्रार नाही". खाली सावकाराची सही आणि चुलत आजोबांचा अंगठा. आता बोला. शंकेखोर म्हणतील बघा पैसे भरले होते. किडासाहेब म्हणतील पत्री सरकारने दारात उभं केलं तर सावकार हेच लिहून देणार, दुसरं काय लिहिणार. मी सरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले कागद एवढंच सांगतो की तलाठ्यापुढे असं म्हटलं गेलं.

नंतर काकांकडे गेलो. खोटं कशाला बोलू, पोटात गोळा होता. सुनेने पाणी आणलं, चहा आणला, काका काही बोलेनात. मी पिशवीतून पत्रं काढली तर म्हणाले, तुमच्या बापाने दिलीत का चोरून आणलीस. म्हटलं वडील गेले, आता माझीच आहेत.

मग त्यांच्याकडची गोष्ट ऐकली. त्यांच्या घरात आमच्या उलट सांगतात. की थोरल्याने लढाईत असताना बायकोच्या सांगण्यावरून आईची मनिऑर्डर तोडली आणि म्हातारी शेवटी ज्वारीच्या कण्यांवर जगली. आमच्या पणजीबद्दल हे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मी मार्चचं कार्ड वाचून दाखवलं, "आईस पण नको" सकट. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, म्हणजे खरंच होतं की. मी म्हटलं हो. त्यात मला आमच्या आजोबांची बाजू सावरून घ्यायची होती पण काही सुचलं नाही, आणि फौजीकाकांचं आठवलं, हिशोब नेऊ नका.

पत्री सरकारचं विचारलं. काका म्हणाले त्यांचे वडील रात्री भाकरी पोचवायला जायचे डोंगराला, एवढं त्यांना माहीत आहे, पुढचं वडील कधी बोलले नाहीत, स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन पण मागितली नाही, म्हणायचे माझा भाऊ तिकडच्या बाजूने होता, मी कुठल्या तोंडाने मागू. ३८० चं विचारलंच नाही मी. किडासाहेब, ती भाकरी कशातून येत होती असा एक विचार मनात आला, पण तो माझा विचार, पुरावा नाही.

पायाचं मात्र कळलं. औताचा फाळ लागला होता ४३ च्या पावसाळ्यात, जखम चिघळली, अंगठा गेला. आजोबा चौदापैकी अकरा पत्रांत विचारतायत पायाचं काय झालं. काकांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी परत परत वाचायला लावलं, प्रत्येक पत्रातलं फक्त तेवढंच वाक्य. "तुझे पायाचे काय झाले ते कळीव." "पायाचे लिहिले नाहीस." "पाय दाखवला का मिरजेला." सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराला टेकून उभी.

फौजीकाका, लाल बैल खरंच बैल होता. काकांना आठवतो. ते लहान असताना तो म्हातारा झालेला होता, वाटणीत कोणाकडे जाणार यावरून पंच बसले होते म्हणे, शेवटी एक दिवस आमच्या गोठ्यात एक दिवस त्यांच्या असं ठरलं, आणि बैल मेला तेव्हा तो कोणाचा दिवस होता यावरून परत भांडण.

निघताना काकांनी विचारलं की झेरॉक्स काढून देशील का. म्हटलं सगळ्यांची देतो. तर म्हणाले सगळ्यांची नको, ती पायाची अकरा दे.

वकीलसाहेब, इंडेक्स दोनचा अर्ज टाकलाय. मूळ दस्तावर पणजोबांचा अंगठा आहे की कोणाचा ते कळलं की टाकतो इथे.